दोषाचा रकाना

गौरीशंकर सरांचा फोन आला तेव्हा मी एका इन्व्हर्टरचं पोट उघडून बसलो होतो, आणि उघडं पोट सोडून मी सहसा कुणासाठी उठत नाही. सरांना मी तसं सांगितलंही. पण सर म्हणाले, शाळेच्या ऑफिसातला कॉम्प्युटर कालपासून बंद आहे, दहावीचे अंतर्गत गुण त्यातच आहेत आणि बोर्डाला ते आज पाच वाजायच्या आत पाठवायचेत. मी घड्याळ बघितलं. दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती. इन्व्हर्टर तसाच झाकला आणि गाडीला किक मारली.

माझं दुकान कळंबच्या मार्केट यार्डाच्या पाठीमागं आहे. ‘बलभीम इलेक्ट्रॉनिक्स’ अशी पाटी आहे, अर्धी पुसलेली. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. शिक्षण म्हणाल तर बारावी नापास. पण यंत्राला कुठं दुखतंय ते मला कळतं, तालुक्यात कुणालाही विचारा. तोंड मात्र माझं फटकळ आहे, हेही तालुकाच सांगेल. एका डॉक्टरला मी त्याच्याच दवाखान्यात म्हणालो होतो, की तुम्हाला मशीनची नाडी कळत नाही तर माणसाची काय कळणार. तेव्हापासून तो स्वतः येत नाही, कंपाउंडरला पाठवतो.

शाळा ढोकीच्या रस्त्याला, कळंबपासून बारा किलोमीटरवर. हंगाम चालू होता. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. त्यांना ओलांडत पोचायला अडीच वाजले.

ऑफिसात तीन माणसं होती. हेडमास्तर गौरीशंकर सर, येरझाऱ्या घालत. क्लार्क सरोजिनीबाई, आपल्या टेबलाशी दाखले लिहीत. त्या या शाळेत तीस वर्षं आहेत आणि त्यांच्या शिक्क्याशिवाय सरांच्या टेबलावर चिठोरंसुद्धा जात नाही. तिसरी शिवानी, शाळेची मानधनावरची कॉम्प्युटर शिक्षिका. वय सव्वीस-सत्तावीस. कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटजवळ हात मागं बांधून उभी होती.

सरांनी सगळं एका दमात सांगितलं. मागच्या आठवड्यात लाईट वरखाली झाली आणि मशीनचं नेटची वायर लावायचं तोंड जळालं. शिवानीनं नवं नेटवर्क कार्ड मागवलं आणि काल सकाळी स्वतःच्या हातानं बसवलं. कार्ड बसवून बटण दाबलं ते मशीन गेलं. मग कार्ड काढून बघितलं, तरी गेलेलंच. डिस्क काढून दुसरीकडं लावावी, तर लॅबमधली मशीनं वेगळ्या धाटणीची, आणि कळंबला नेऊन आणेपर्यंत पाच वाजून जाणार.

एवढं सांगून सरांनी टेबलावरचा एक कागद माझ्यापुढं धरला. पुढच्या वर्षासाठी शिवानीला ठेवायची शिफारस होती. खाली सहीची जागा कोरी. संध्याकाळी संस्थेचे सचिव हे कागद न्यायला येणार होते.

"मशीन चालू झालं न्हाय तर मी ह्याच्यावर सही करणार न्हाय," सर म्हणाले. "जिला एक कार्ड बसवता येत न्हाय, ती पोरांना काय शिकवणार?"

हे ते तिच्या समोर म्हणाले.  ती अणदूरची, शेतकऱ्याची पोरगी. कळंबमध्ये खोली करून एकटी राहते. ही नोकरी गेली तर तिला पुण्याला भावाकडं जाऊन त्याची दोन लेकरं सांभाळायची होती, हे घरात ठरूनच गेलं होतं. तिला शिकवायचं होतं. हे मला माहीत होतं, कारण लॅबमधली मशीनं बसवताना ती चार दिवस माझ्या मागं लागून एकेक गोष्ट विचारत होती आणि वहीत लिहून घेत होती.

तरी खरं सांगतो, माझाही संशय तिच्यावरच होता. वहीत लिहिणारी माणसं हातानं कामं करताना गडबडतात असा माझा अनुभव. कार्ड तिरकं दाबलं असेल, खालचा बोर्ड तडकला असेल, असं मनात धरूनच मी बसलो. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा, आणि लांब शिट्टी. थांबून पुन्हा लांब शिट्टी. कॉम्प्युटर उठताना आधी आपलं अंग चाचपून बघतो. काही अवयव जागेवर वाटला नाही तर अशी बोंब मारतो.

मी आतून सगळं बघितलं. स्क्रू जागच्या जागी. वायरी बांधलेल्या, पंख्यात अडकणार नाहीत अशा. बोर्डाला तडा नाही. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या, शिट्टी तीच. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून पाच मिनिटं बाहेर ठेवला, परत लावला, शिट्टी तीच. काम इतकं नीट केलेलं होतं, की मला राग यायला लागला, कारण दोष द्यायला काही सापडेना.

मी शिवानीला प्रश्न विचारत सुटलो. आधी प्लग काढला होतास का? काढला होता. अंगातली वीज जावी म्हणून लोखंडाला हात लावलास? लावला. कार्ड सरळ बसलं? टक्क आवाज आला, ती म्हणाली. सगळी उत्तरं बरोबर. मग मी म्हणालो, कार्ड दाखव.

ती म्हणाली, कार्ड चांगलं आहे, त्यात काही दोष नाही.

आता उत्तर चुकलं. ज्या वस्तूनं मशीन बसलं ती वस्तू दाखवायला कुणी का-कू करतं का? मी बॅटरीचा उजेड टाकून कार्डाच्या खाचेत बघितलं. ही खाच म्हणजे बारीक पितळी दातांची लांब फट असते. कार्डाची सोनेरी कड त्यात बसते आणि तिथूनच सगळं बोलणं चालतं. त्या दातांमध्ये लाल दिसलं. आधी वाटलं गंज. मग आगपेटीची काडी आत फिरवली आणि बाहेर काढली. टोकाला लाल-पिवळा चिखल. नाकाशी धरला आणि काय आहे ते कळलं. देवळाच्या उंबऱ्यावर जो वास येतो तो वास.

माझं तोंड उघडलंच होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. पण शिवानीनं माझ्या हातातली काडी घेतली आणि मोठ्यानं म्हणाली, काका, लॅबमध्ये स्पिरिट आहे, चला देते. आणि चालायलाच लागली. सर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. सरोजिनीबाई दाखला लिहीत होत्या.

लॅबमध्ये तिनं दार लोटलं आणि पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत कार्ड. सोनेरी कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हळदकुंकवाची बोटं. काही पुसट झालेली, दोन तर अजून ठसठशीत.

"ही अक्कल कुणाची?" मी विचारलं.

मग तिनं जे सांगितलं ते असं. शाळेत नवं काहीही आलं, कपाट असो, प्रोजेक्टर असो, खिचडीचा कुकर असो, त्याची पूजा सरोजिनीबाईंनी करायची असा तीस वर्षांचा रिवाज. बाईंचं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. त्यांच्या हातानं वस्तू लाभते असं सगळे म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी बाईंचे यजमान गेले. त्यानंतर कुणी बाईंना काही बोललं नाही. कुणी बोलावलंही नाही. दसऱ्याला ऑफिसच्या मशीनची पूजा करायला सरांच्या घरून वहिनी आल्या, आणि त्याच खोलीत दोन हातांवर सरोजिनीबाई मान खाली घालून दाखले लिहीत बसल्या होत्या. ते शिवानीनं बघितलं आणि तिच्या मनाला लागलं.

म्हणून काल कार्ड आलं तेव्हा सर यायच्या आधी तिनं स्वतः ताट केलं आणि बाईंच्या पुढं ठेवलं. बाईंनी आधी दाराकडं बघितलं. मग उठल्या. कोरडं कुंकू त्या गुळगुळीत कार्डाला चिकटेना, म्हणून बोट पाण्यात बुडवलं. आणि एवढ्या हिरव्या पट्टीवर सोन्यासारखी दिसणारी जागा एकच. बाईंनी मानाची जागा म्हणून तिथंच बोटं ओढली. हात जोडले. त्यांचे डोळे भरले होते.

"त्या कडेला नुसतं बोट लावत न्हायत, हे मला ठावं होतं काका," शिवानी म्हणाली. "रुमाल काढला होता म्या. पण बाई समोर उभ्या. त्यांच्या देखत कुंकू कसं पुसू?"

वाळल्यावर काही होणार नाही, अशी मनाची समजूत घालून तिनं कार्ड तसंच बसवलं. ओलं कुंकू खाचेत उतरलं, दातांना दात जोडले गेले आणि मशीननं बोंब ठोकली. कार्ड काढलं तरी खाचेतलं कुंकू खाचेतच.

मी विचारलं, मग कालपासून गप्प का बसलीस? नोकरी चाललीय तुझी.

तर म्हणते, सांगितलं तर लोक कुंकवाचं नाव घेणार नाहीत, बाईंच्या हाताचं घेतील. तसल्या बाईनं पूजा केली म्हणून मशीन मेलं, असं एकदा गावात झालं की पुन्हा बाईंच्या हातात कुणी ताट देणार नाही.  तीस वर्षांत माझं तोंड असं बंद पडल्याचं मला आठवत नाही. त्या पोरीचं मला कौतुक वाटलं, आणि तिचा कान पिरगाळावा असंही वाटलं, कारण कारागीर म्हणून ती साफ चुकली होती. मी तिला तेवढं बोललो. ती व्हय म्हणाली.

साडेतीन वाजत आले होते. स्पिरिट घेऊन ऑफिसात आलो, माझ्या पिशवीतला जुना टूथब्रश घेतला आणि बाईंकडं पाठ करून खाच दातादातांतून घासून काढली. जाड कागदाची पट्टी कापून आत फिरवली. पहिली लाल निघाली, दुसरी गुलाबी, पाचवी कोरी. वर टेबलफॅन लावला. कार्डाच्या कडेला मात्र स्पिरिटपेक्षा खोडरबर बरा, हे सगळ्या मिस्त्र्यांना माहीत आहे. माझा खोडरबर दुकानात राहिला होता. सरोजिनीबाईंनी आपल्या टेबलावरचा दिला आणि विचारलं, कशाला? मी म्हणालो, धूळ आहे. कड सोन्यासारखी चमकेपर्यंत घासली आणि कार्ड शिवानीच्या हातात दिलं. बसव, म्हणालो. टक्क आवाज मलाही ऐकू आला.

बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी. ती शिट्टी ऐकली की मला अजूनही पहिल्या दिवसासारखा आनंद होतो, आणि मी तो लपवत नाही. सर धावत आले. पण काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली, काहीतरी शोधत राहिली आणि शेवटी म्हणाली, सुरू करायला डिस्क सापडली नाही.

सर म्हणाले, झालं, परत तेच.

"तेच न्हाय सर," मी म्हणालो. "काल ते मेलेलं होतं. आता जितं हाय अन् नुसती वाट चुकलंय. जित्याला वाट दाखवता येती."

आणि ते खरंच होतं. मी मघाशी सेल काढला होता, त्यामुळं मशीन आपल्या जुन्या सवयी विसरलं होतं. आता ते उठल्याबरोबर स्वतःच्या पोटातली डिस्क सोडून नव्या कार्डातून बाहेर हाका मारत होतं, की कुणी मला सुरू करता का. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाहेर कुणी नव्हतंच उत्तर द्यायला. मी खुर्ची मागं घेतली आणि शिवानीला म्हणालो, तू कर.

सरांच्या कपाळावर आठी पडली, पण मी तिकडं बघितलं नाही. तिनं मशीन परत लावलं, वेळेवर कळ दाबून आतली यादी उघडली. डिस्कवरून सुरू व्हायची पद्धत पूर्वीसारखी केली, डिस्कला पहिला नंबर दिला, कार्डातून सुरू व्हायचं बंद केलं, बिघडलेली तारीख-वेळ नीट केली. एकही कळ दोनदा दाबावी लागली नाही. मशीन बंद होऊन उठलं आणि पडद्यावर शाळेच्या इमारतीचा फोटो आला. नेट लागलं. चार वाजून पंचवीस मिनिटांनी शहाऐंशी पोरांचे गुण बोर्डाला गेले आणि पोच छापून हातात आली.

मला वाटलं, संपलं. पण सर चहा पिताना म्हणाले, बलभीमराव, पावती लिहा. काय बिघडलं होतं आणि कशामुळं, दोन्ही लिहा, सचिव विचारतील. मशीन हिच्या चुकीनं पडलं का कार्डच खराब होतं, ते कागदावर येऊ द्या, मग सहीचं बघतो.

माझ्या पावतीत एक दोषाचा रकाना आहे. तो मी स्वतः छापून घेतला. गिऱ्हाइकानं पाणी सांडलं असेल तर पाणी लिहितो, उंदरानं वायर खाल्ली असेल तर उंदीर लिहितो. तहसीलदाराचा प्रिंटर असो नाहीतर माझ्या मेव्हण्याचा, त्या रकान्यात मी कधी खोटं लिहिलेलं नाही. आता कुंकू लिहावं तर शिवानीनं ते बघूनही कार्ड बसवलं हे निघणार, किंवा बाईंचं नाव निघणार. कार्ड खराब लिहावं तर दुकानदाराच्या माथी मारल्यासारखं. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.  मग लिहिलं, खाचेत धूळ. अक्षर वाकडं आलं.

पावती रिवाजाप्रमाणं सरोजिनीबाईंकडं गेली. त्यांनी चष्मा लावून वाचली. शिक्का उचलला, आणि उचललेला शिक्का परत ठेवला. टेबलावर त्यांचा खोडरबर पडला होता, मी परत केलेला. तो एका बाजूनं लालभडक झाला होता. बाईंनी तो बोटांत धरून उलटसुलट केला, अंगठ्यानं चोळला आणि अंगठ्याकडं बघितलं.

मग त्यांनी पेन काढलं. माझ्या ‘धूळ’ या शब्दावर एक सरळ आडवी रेघ मारली, तीस वर्षं चुका दुरुस्त करतात तशी. वर गोलसर अक्षरात लिहिलं, ‘ओलं कुंकू. लावणारी, सरोजिनी, लिपिक.’ बाजूला सही, सहीखाली तारीख. आवक नंबर घातला, शिक्का मारला आणि स्वतः उठून सरांच्या पुढं ठेवली. शिवानी मध्ये काही बोलायला गेली, तर बाईंनी नुसता हात वर केला.

सरांनी दोनदा वाचलं.

"पोरीनं मला मान दिला, मी नको तिथं लावलं," बाई म्हणाल्या. "ती जागा नाजूक असती हे मला ठाऊक नव्हतं. चूक जागेची आहे. हात कुणाचा होता याचा त्यात संबंध असला तर बलभीमरावांना विचारा, ते सांगतील."

सरांनी माझ्याकडं बघितलं. विचारायची त्यांना लाज वाटत होती हे दिसत होतं, पण मला बोलायची कधी वाटलेली नाही.

"सर, तुमच्या घरच्या वहिनींनी लावलं असतं तरी मशीन आसंच पडलं असतं," मी म्हणालो. "ओल्या कुंकवाला सवाष्ण कळत न्हाय."

 सर माणूस वाईट नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कधी विचार केला नव्हता, एवढाच त्यांचा गुन्हा, आणि तसा तो गावातल्या निम्म्या लोकांचा आहे. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, शिवानीच्या कागदावर सही केली आणि कागद बाईंकडं सरकवला. जावक नंबर घाला बाई, म्हणाले, आणि पोरं बघून येतो म्हणून बाहेर गेले. चहा अर्धा तसाच राहिला.

शिवानी बाईंच्या टेबलाजवळ गेली. बाई, चुकलं माझं, मी पुसायला पाहिजे होतं, एवढंच तिला म्हणता आलं.

बाईंनी जावकाचं रजिस्टर उघडलं. आवाजात राग नव्हता.

"पुसायचंच होतं गं," त्या म्हणाल्या. "माझ्या कपाळाचं पुसलं तेव्हा कुणी मला विचारलं न्हाय. अन् तू त्या हिरव्या तुकड्यावरचं पुसायला भ्यालीस."

मी पिशवी आवरायचं नाटक करत होतो, म्हणून मला दिसलं. बाईंनी डाव्या हातानं पोरीचं मनगट धरून ठेवलं होतं, आणि उजव्या हातानं नंबर लिहायला त्यांना दोनदा पेन उचलावं लागलं.